मिठाची खूण

हमरापुरात कुणी कुणाला साचा देत नाही. मीठ-साखर देतील, लग्नाला भांडी देतील, रुसलेल्या जावयाची समजूत घालायला घरचा माणूस देतील, पण गणपतीचा साचा म्हटलं की ज्याचं त्याचं कुलूप. आणि द्यायची वेळ आलीच, तर मूर्तीत कुठंतरी खूण करून मगच देतात. कुणी कानामागं नखाएवढी चीर ठेवतो, कुणी पाटाच्या खालून टिंब. पुढं तीच चीर दुसऱ्याच्या मूर्तीत दिसली की चोर सापडला. सापडून पुढं काही होत नाही, ही गोष्ट वेगळी. गणपतीवरून कोर्टात कोण जाणार? पण सापडला, याचंच समाधान मोठं.

या विद्येत महिपती म्हात्रे सगळ्या गावाच्या पुढं होता. त्याची खूण उंदराच्या शेपटीखाली असायची. त्यानं एकदा रांगणारा गणपती घडवला होता, एका हातात मोदक आणि तोंडावर नुकतीच खोडी केल्याचा भाव. एक गोड बोलणारा व्यापारी आला, 'घरी पुजायला' म्हणून एक मूर्ती घेऊन गेला. दुसऱ्या वर्षी पेणच्या बाजारात दुकानोदुकानी रांगणारे गणपती. महिपती भर बाजारात उकिडवा बसून एकेक मूर्ती उचलायचा आणि उंदराची शेपटी बघायचा. सगळ्यांना त्याचीच चीर. दुकानदारांना वाटलं, म्हाताऱ्याला काही नवस-बिवस आहे.

तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेला महिपती ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. कारखान्याच्या खिडक्यांना त्यानं पोती लावली. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या हातातला मोबाइल बघायचा, मग तोंड.

मॉडेल गेलं, उरली माती. तीच आता त्याची इस्टेट. शाडू सगळ्यांची सारखीच, गुजरातेतून गोणीनं येणारी. तरी दुसऱ्यांच्या मोठ्या मूर्ती वाळताना गळ्याशी तडकत, सोंडेशी चिरत, आणि वाळून टिकल्याच तर टेम्पोत हायवेच्या खड्ड्यांनी हात मोडून घेत. महिपतीची मूर्ती मुंबईला जाऊन जशीच्या तशी उतरे. प्लास्टरच्या मूर्तींवर बंधनं आली आणि शाडूला मागणी वाढली, तसा महिपतीचा भाव आणि महिपतीचा ताठाही वाढला. लोक विचारत, "महिपती, मातीत काय घालतोस?" तो म्हणे, "हातगुण."

हातगुण कसला, भोकरं! परसात बापाच्या हातचं भोकराचं झाड होतं. पिकलेल्या भोकराचा चिकट गर पाण्यात कालवून, गाळून, तो मातीत मळायचा, ही म्हात्र्यांची पिढीजात युक्ती. दरसाल टोपल्याच्या टोपल्या भोकरं घरात जाताना सगळं गाव बघे. गावाला वाटे, म्हात्र्यांच्या घरात लोणचं फार खातात.

शिमगा झाला आणि हाशिम गावात दिसायला लागला. रोह्याशेजारच्या वरसे गावचा माणूस, चाळिशीतला. बरीच वर्षं कुवेतला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काढून परत आलेला. आता रोह्याला कुठलंसं 'तंत्रजोड केंद्र' निघालं होतं, त्याचं काम करत होता. महिपतीच्या ओट्यावर बसून त्यानं सगळं समजावून सांगितलं. रोह्याच्या कंपन्यांत यंत्रं आहेत, शिकलेली माणसं आहेत. इथं हमरापुरात कारागीर आहेत. मध्ये एवढा रेल्वेचा रूळ आहे, पण दोघांची कधी गाठ पडत नाही.

"ती पाडून देणं, एवढंच माझं काम, काका."

"म्हंजे दलाल," महिपती म्हणाला.

हाशिम हसला. "व्हय, दलालच समजा. फक्त मी माल विकत नाय, ओळखी जुळवतो."

"आन तुला दलाली कोण देतो?"

"केंद्र पगार देतं."

"केंद्राला कोण देतं?"

"थोडं सरकार, थोड्या कंपन्या."

"कंपन्या कनाला देतील, त्यांना काय मिळतं?"

"मातीत मिसळायची चांगली पूड निघाली तर त्या ती बनवतील, विकतील. तुमच्या मूर्ती तडकायच्या थांबतील. सगळ्यांच्याच."

महिपतीला त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द ऐकू आला: सगळ्यांच्याच. सगळ्यांच्या मूर्ती तडकायच्या थांबल्या, तर महिपती म्हात्रे कोण? हमरापुरातला आणखी एक म्हातारा.

हाशिमला प्रत्येक कारखान्यातून नारळाएवढा मातीचा गोळा हवा होता, जशी माती मूर्तीला वापरता तशीच. कुणाच्या मातीत काय निघालं ते गावात दुसऱ्याला कळणार नाही, असा शब्द त्यानं दिला. महिपतीनं मान डोलावली. शब्द तर त्या व्यापाऱ्यानंही दिला होता, गणपतीच्या पायावर हात ठेवून.

इथं एक सांगितलं पाहिजे. गावात दोघंचौघं कुजबुजले, गणपतीच्या मातीत मुसलमान माणसाचं काय काम म्हणून. महिपती त्यांतला नव्हता. त्याच्या मूर्ती वर्षानुवर्षं पेणच्या मुरादच्या टेम्पोतूनच जात आणि महिपतीचा मुरादवर स्वतःच्या मुलापेक्षा जास्त विश्वास, म्हणजे थोडासा होता. त्याचा संशय सर्वधर्मसमभावी होता. तो कुणालाच सोडत नसे.

"द्या की बाबा गोळा," सून नमिता म्हणाली. मुलगा कंपनीत शिफ्टला जाई, कारखान्याचं सगळं नमिताच बघे. "आपली माती का सोन्याची हाय?"

"तुला नाय कळायचं गो."

"मला एवढं कळतं, की उद्या डॉक्टरनं नाडी बघायला हात मागितला तरी तुम्ही दुसऱ्याचा हात पुढं कराल."

महिपतीनं विचार केला. न द्यावी तर गाव म्हणेल, लपवतोय, म्हणजे काहीतरी आहे. साधी शाडू द्यावी, तर ती तडकणार, आणि तडकणारी माती महिपती म्हात्रेच्या नावानं रोह्याला जाणार? छट्! तेवढं काळीज त्याला नव्हतं. मळलेल्या मातीतलाच गोळा द्यायचा. भोकराचा गर मातीत मुरला की ब्रह्मदेवालाही सापडायचा नाही, याची त्याला खात्री होती. पण घराबाहेर जाणाऱ्या वस्तूवर खूण हवीच. मातीला चीर कुठं पाडणार?

चुलीशेजारी खाडीच्या मिठाची गोण होती. ती बघून महिपतीच्या डोक्यात उजेड पडला. खारेपाटातल्या माणसाला मिठाचे गुण सांगावे लागत नाहीत. भिंतीत मीठ शिरलं की पावसाळ्यात लोणा फुटतो, पांढरी बुरशी आल्यासारखी, आणि रंग पापुद्र्यांनी गळतो. महिपतीनं मूठभर मीठ विरघळवून त्या गोळ्यात मळलं. रबराच्या साच्यात शेपटीखालची चीरसुद्धा उतरते. तशी मातीची नक्कल करणारा मिठासकट करील. मग ज्याच्या मूर्तीला लोणा फुटेल, तो चोराचं गिऱ्हाईक. किती सोपं! त्याला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं, की गोळा देताना त्यानं हाशिमला चहासुद्धा पाजला.

मग सुरू झाली टेहळणी. हाशिम ठमाबायच्या ओटीवर दिसला. ठमाबाय ही महिपतीच्या नात्यातली, वयानं मोठी, नवऱ्यामागं एकटीनं कारखाना चालवणारी विधवा. तिच्या घराचं दार सकाळी उघडे ते निजायच्या वेळीच लोटलं जाई. कुणीही यावं, साचे बघावेत, चहा प्यावा. तिच्या मूर्ती गळ्याशी हमखास तडकत आणि ती लिंपत बसे. हाशिम तिच्याकडं तासन् तास बसतो, मूर्तीच्या गळ्याची मापं घेतो, फोटो काढतो, हे महिपतीनं पोत्याच्या फटीतून पाहिलं. एकदा पेणच्या एसटी स्टँडजवळ हाशिम एका चष्मेवाल्याशी हसून बोलताना दिसला. चष्मेवाला! त्या व्यापाऱ्यालाही चष्मा होता.

वैशाखातल्या एका सकाळी महिपतीनं धोतर बदललं आणि कुणाला न सांगता शेजारच्या जिते स्टेशनावरून रोह्याची गाडी पकडली. हमरापूरच्या स्टेशनावर कुणी विचारलं असतं, कुठं चाललात. केंद्र शोधून काढलं, म्हणजे कंपन्यांच्या मधली एक पत्र्याची शेड. वाटलं होतं, दार बंद असेल, आडून बघावं लागेल. दार उघडं होतं आणि हाशिमच समोर उभा.

"या काका, या! मी बोलवणारच होतो."

हाशिमनं सगळं दाखवलं. भट्टी दाखवली, यंत्र दाखवलं, मातीच्या विटा दाखवल्या. काही विचारायच्या आत दाखवलं. महिपतीचा संशय दुप्पट झाला. जो इतकं उघडं करून दाखवतो, त्यानं नक्की काहीतरी झाकलेलं असतं.

प्रयोगशाळेत ऋतुजा नावाची मुलगी होती, कंपनीतून या कामासाठी आलेली. तिनं टेबलावर गावातल्या कारखान्यांच्या मातीच्या छोट्या विटा मांडल्या होत्या. कुणाचं नाव नाही, नुसते आकडे. सगळ्यांना तडे. एकच वीट अखंड. महिपतीनं ती बघितली आणि त्याची छाती धोतराच्या निऱ्यांपर्यंत फुगली.

"ही तुमची, काका," हाशिम हळूच म्हणाला. "या ऋतुजाला काही विचारायचंय."

"यात क्षार खूप आहे," ऋतुजा म्हणाली. "बाकी कुणाच्या मातीत नाही. मीठ पाणी धरून ठेवतं, माती सावकाश वाळते, म्हणून तडकत नसावी, असं मला वाटतंय. पण तुमच्याकडून ऐकायचं होतं. तुमचं गुपित हेच का? मीठ?"

महिपतीच्या घशात हसू येऊन अडकलं. यंत्र, भट्टी, शिकलेली पोरगी, आणि सापडलं काय, तर त्याची खूण! भोकराचा पत्ताच नाही. आता 'नाही' म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार: मग काय? 

"असंल," तो म्हणाला.

"असेल की आहे?"

"तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला जास्त कळतं."

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून एकटाच हसत होता. शेंगदाणेवाला दोनदा येऊन विचारून गेला, काका बरं आहे ना.

पुढच्या महिन्यात पूड तयार झाली. हाशिमनं गावात सांगितलं, पुडीत चिकटवणारं एक द्रव्य आहे आणि थोडा क्षार आहे. क्षार म्हणजे काय, ते कुणी विचारलं नाही. आधी एकाच कारखान्यात करून बघू, मग सगळ्यांना. कोण तयार आहे? सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. आधी दुसऱ्याचं काय होतंय ते बघावं, हा हमरापूरचा धर्म. ठमाबाय तेवढी म्हणाली, "दे मला. नायतरी माझ्या तडकतातच."

ती पुडीची पिशवी घेऊन घरी जाताना महिपतीच्या ओट्याशी थांबली.

"महिपती, तुझ्याएवढं मातीतलं कुणाला कळत नाय. घालू का रं मी ही पूड? औंदाच्या सगळ्या मूर्तींना घालीन म्हणते. थोड्यांना घालून थोड्या तशाच ठेवल्या, तर गिऱ्हाईक भांडंल."

इथं महिपतीला बोलता आलं असतं. 'बाय, त्यात मीठ हाय, नको घालू.' एवढंच. पण मग ती विचारणार, मीठ हाय हे तुला कसं ठाऊक? मग सगळा धागा उसवत भोकरापर्यंत येणार. शिवाय आत कुठंतरी एक किडा वळवळत होता: हिच्याकडंच का येतो तो हाशिम एवढा? हिलाच का पहिली पूड? हिचं आणि त्याचं काहीतरी ठरलेलं असणार.

"घाल की," तो म्हणाला. "शिकलेल्यांनी केलीय."

"तू म्हनतोस तर घालते," ठमाबाय म्हणाली आणि समाधानानं घरी गेली.

मूर्ती वाळल्या. एकही तडकली नाही. ठमाबाय गावभर सांगत सुटली. गळे बघा, सोंडा बघा! पुडीतलं चिकट द्रव्य आपलं काम करत होतं. महिपती जाऊन बघून आला, अंगठ्यानं एकेक गळा दाबून आला, आणि त्या रात्री जेवला नाही. नमिताला वाटलं, पोट बिघडलंय.

ठमाबायनं पांढऱ्या रंगाचा हात दिला, वर रंग चढवले, डोळ्यांची आखणी स्वतः केली. म्हातारीचा हात अजून कापत नव्हता. मग आषाढ लागला. खाडीकडून ओली हवा यायला लागली, कपडे वाळेनात, पापड सादळले. आणि एका सकाळी ठमाबायच्या घरातून हाक आली, कुणी गेल्यावर येते तशी.

महिपती धावत गेला. फळीवर ओळीनं गणपती बसले होते आणि एकेकाच्या पोटावर, गालावर, सोंडेवर पांढरं पीठ उगवलं होतं. रंगाचे पापुद्रे सुटून लोंबत होते. एका मूर्तीचा आखलेला डोळाच निघून पाटावर पडला होता. ठमाबाय फडक्यानं पुसत होती. पुसलं की खालून पुन्हा पांढरं.

महिपतीच्या मनात पहिला विचार काय आला, ते सांगायला लाज वाटते. 'सापडला!' असा तो विचार होता. खूण उतरली होती, अगदी त्यानं सांगितल्यासारखी. एवढा वेळ, म्हणजे एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ, त्याला खरोखर आनंद झाला. मग ठमाबायनं वळून त्याच्याकडं बघितलं.

"महिपती, हे काय रं झालं? मी काय चुकले?"

 तो उंबऱ्यावरच बसला.

दुपारी देवळाच्या मंडपात गाव जमलं. नाथा पुढं होता. नाथाचा आवाज मोठा आणि कारखाना छोटा. "दलालाला बांधून ठेवा!" हाशिम बोलावण्याआधीच आला होता. ठमाबायच्या घरी जाऊन, मूर्ती बघून, तिच्या पायाशी बसून मग मंडपात आला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "भट्टीत विटा सुकवल्या, ओल्या हवेत ठेवून बघितल्या नायत. चतुर्थीच्या आधी द्यायची घाई मी केली. मावशींचं जे नुकसान झालं, त्यासाठी केंद्रात मी भांडीन."

"पण मीठ घातलंस कनाला?" नाथा ओरडला. "मातीत मीठ? खारेपाटातलं शेंबडं पोर पण नाय घालणार!"

"एका मातीत मीठ निघालं होतं. जी तडकत नव्हती तिच्यात. म्हणून वाटलं."

"कुणाच्या मातीत?"

महिपती खांबाला टेकून बसला होता. 

"ते मी सांगणार नाय," हाशिम म्हणाला.

"का? तुझा भागीदार हाय का तो?"

"तसा शब्द दिलाय. तुमच्या सगळ्यांना दिलाय. कुणाच्या मातीत काय निघालं ते गावात सांगणार नाय म्हणून."

"म्हंजे तूच घातलंस आन आता कुणाच्या तरी नावावर ढकलतोस!" मंडपात गलका झाला. कुणीतरी म्हणालं, आपल्या देवाची विटंबना मुद्दाम केली. ते वाक्य ऐकून मंडपातला आवाज एकदम बदलला. हाशिमलाही तो बदल कळला. त्याची नजर एकदा महिपतीकडं आली आणि लगेच दुसरीकडं गेली. त्यात मागणं नव्हतं, धमकी नव्हती. एका माणसानं शब्द पाळायचं ठरवलं होतं आणि तो पाळत होता, झालं.

महिपतीला आयुष्यात एवढा राग कधी आला नव्हता, आणि तो कुणाचा होता ते त्याला नीट कळत होतं. तो उठला.

"मीठ मी घातलं," तो म्हणाला.

गलका थांबायला वेळ लागला. त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"माझ्या गोळ्यात. खूण म्हणून. ह्यानं माती विकली तर सापडावा म्हणून. रोह्याला त्या पोरीनं विचारलं, हेच का गुपित, तर मी 'असंल' बोललो. बायनं विचारलं घालू का, तर 'घाल' बोललो. ह्याला कुणी हात लावू नका."

नमिता बायकांत बसली होती. तिनं डोळ्याला पदर लावला.  मग कोपऱ्यातून बाबाजी खाकरला. बाबाजी म्हणजे गावातला सगळ्यात सज्जन मूर्तिकार, भजनात टाळ धरणारा.

"आता निघालंच हाय तर," तो म्हणाला, "मी दिलेला गोळा माझा नव्हता. नाथाच्या वखारीतून रातच्याला उचललेला."

"माझ्या वखारीत शिरलास?" नाथा ताडकन उठला.

"तुझी जाईल तर जाऊ दे, म्हटलं."

"अरं पण मी त्यात राख कालवून ठेवली होती! त्याला द्यायला!"

हाशिमनं कपाळावर हात मारला. "म्हणून तुमच्या दोघांच्या मातीत राख निघाली! आम्ही महिनाभर त्या राखेच्या मागं होतो."

मग एकेक बोलायला लागला. एकानं लाकडाचा भुसा घातला होता. एकानं मागल्या वर्षीची टाकलेली माती दिली होती. एकानं तर घराच्या पाठीमागची लाल माती शाडूत मिसळली होती आणि ऋतुजानं तिच्यावर दोन पानं लिहिली होती. हसू की रडू असं मंडपाला झालं. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसायला लागले, पोट धरून, नाथासुद्धा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर अख्ख्या गावाच्या मनात पौर्णिमा निघाली. हाशिमही हसला, डोळे पुसत हसला.

"मी खरी माती दिली," ठमाबाय म्हणाली.

ती हळूच बोलली होती, पण सगळ्यांनी ऐकलं. हसणं तिथल्या तिथं मेलं.

"माझी होती तशी दिली. त्यानं मागितली, मी दिली. मला वाटलं, सगळेच देतायत." तिनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, जणू आजच ओळख होत होती. मग पदर सावरून ती उठली आणि घरी गेली.

गावानं ठरवलं, प्रत्येकानं आपल्या कारखान्यातून ठमाबायला मूर्ती द्यायच्या, म्हणजे तिची गिऱ्हाइकं परत जाणार नाहीत. मूर्ती गेल्या. महिपतीनं मुंबईला ठरलेले सगळ्यात मोठे गणपती तिच्या फळीवर नेऊन ठेवले. ठमाबायनं ते घेतले. चतुर्थी दारात आली होती, नाही म्हणून चालणार नव्हतं. हाशिमनं सगळ्यांकडून पुन्हा गोळे नेले, या खेपेस प्रत्येकानं दुसऱ्याच्या देखत दिले. महिपतीनं स्वतःहून रोह्याला जाऊन ऋतुजासमोर भोकरं ठेवली. तिनं विचारलं, हे काय? तो म्हणाला, आमचं लोणचं.

पण मनातली ठसठस जाईना. शेवटी झाडावरची उरलीसुरली भोकरं काढून, गर कालवून, त्यानं एक मडकं भरलं आणि भर दुपारी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, डोक्यावर घेऊन ठमाबायच्या घरी गेला. दार लोटलेलं होतं. त्यानं ढकललं. ती बिघडलेल्या मूर्ती पाण्यात भिजवून माती वेगळी करत बसली होती.

"बाय, हे घे. भोकराचा गर हाय. आमच्या बापाची युक्ती. आजवर सुनेलासुद्धा धड शिकवली नव्हती. घमेल्याला एक वाटी घालायचा, नीट मळायचा. नाय तडकणार कधी."

ठमाबायनं मडक्यात वाकून बघितलं. बोट बुडवलं. बोटाला तार आली. तिनं ते बोट जिभेला लावलं आणि बराच वेळ चव बघत राहिली.

"खारट नाय," ती म्हणाली.

"नाय गो बाय. तुझी शपथ."

"यात आनखी काय घातलंयस?"

"काय नाय! नुसतं भोकर!"

तिनं बोट पदराला पुसलं. रागावलेली दिसत नव्हती. मडकं दोन्ही हातांनी उचलून तिनं त्याच्या हातात परत दिलं.

"आधी तुझ्या मूर्तींना घाल," ती म्हणाली. "पावसाळाभर ऱ्हाऊ दे. मी येऊन बघीन. मग सांगते."

"बाय, अगो आमच्या मूर्तींना पिढ्यान् पिढ्या..."

"असंल," ठमाबाय म्हणाली.

महिपती मडकं घेऊन ओटीवर आला. पायरी उतरत असताना त्याच्या मागं दार बंद झालं आणि आतून कडी लागली. त्या दाराला कडी आहे, हे हमरापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं.